गेरूच्या रेघा

मागच्या खोलीला गेल्याच दिवाळीत चुना दिलेला.
त्या भिंतीवर द्वारकेने गेरूची पहिली रेघ ओढली
तेव्हा मी ओरडलो होतो.

सावद्याच्या डॉक्टरने सांगितलं होतं,
बोटं भिंतीवर चढवा, मुंगीसारखी,
थांबतील तिथे खूण करा.
खांदा गोठलाय म्हणे.
मे महिना, शेहेचाळीस डिग्री,
सावलीतला माठसुद्धा कोमट,
आणि हिचा खांदा गोठला!
हे तीच सगळ्यांना सांगायची
आणि सगळ्यांच्या आधी हसायची.

अठरा वर्षं त्या खांद्याने
केळीचे घड हौदात उतरवले होते.
आता वेणी घालता येईना.
वेणी मी घालायचो.
वाईट घालायचो.

पहिली रेघ हनुवटीपाशी.
डाव्या हाताने काढलेली, म्हणून तिरपी.
आजची खूण आज करायची,
पण हिने उलटंच मांडलं.
रात्री दिवा घालवण्याआधी
ती उद्याची रेघ काढून ठेवायची,
आजच्या वर एक बोट,
आणि विरजण लावून झोपावं
तशी झोपायची.

सकाळी बोटं निघायची.
कळ आली की थांबायची,
भिंतीला एक शिवी हासडायची,
पुन्हा चढायची.

जुलैत आठ दिवस एकच रेघ.
मी म्हणालो, बघ.
ती म्हणाली, "भिंतच वाढली रातीतून.
ओल धरली, फुगली असंन."
आणि गेरू भिजवायला घेतला.

मी असा नाही.
माझी साखर तीनशेवर गेली त्या दिवशी
विम्याचे कागद एका पिशवीत घातले,
चपला पलंगाखाली लोटल्या
आणि पंखा बघत पडलो.
साठीनंतर शरीर म्हणजे उतारावरची बैलगाडी,
असं मी म्हणायचो.
ओट्यावरच्या मंडळींना हे वाक्य फार आवडायचं.

तिची कीव येऊन एकदा
शेवेचा डबा वरच्या फळीवरून
खालच्या फळीवर आणून ठेवला, गुपचूप.
दुपारी उठून बघतो तर डबा वर.
स्टुलावर चढून ठेवला होता तिने.
"राहू द्या तिथीच.
माझं काम आहे त्याच्याशी."

मग एका संध्याकाळी
घरापासून दुसऱ्या विजेच्या खांबावर
गेरूची रेघ दिसली.
तिरपी.
"ही कोणाची?"
"तुमची. उद्याची."

चपला काठीने ओढून काढल्या.
एकीत कोळ्याने घर केलं होतं.
चावदसने ओट्यावरून विचारलं, कुठं चालले?
म्हटलं, खांबापर्यंत.
तो हसला. मलाही हसू आलं,
बऱ्याच महिन्यांनी.

आता मी हातनूरच्या पाटापर्यंत जातो.
बावीस खांब.
आभाळ स्वच्छ असलं की
केळीच्या पानांवरून सातपुडा दिसतो,
धुतलेल्या धोतरासारखा वाळत घातलेला.
साखर उतरली.
दीडशेवर आली, कधी वर, कधी खाली.
डॉक्टर म्हणतो, गोळ्या लागू पडल्या.
पडल्याच.
पण गोळी गिळून सकाळची वाट बघावी लागते,
आणि मला गिळता येत होतं,
वाट बघता येत नव्हती.

तिचा हात फळीच्या खाली चार बोटं थांबलाय.
डबा ती उलथन्याने पुढे ओढते
आणि पडता पडता झेलते,
त्यातही आता हात बसलाय तिचा.
यंदा या भिंतीला चुना द्यायचा नाही, म्हणाली.
वेणी स्वतः घालते, माझ्यापेक्षा बरी.

सगळ्यात वरची रेघ काल रात्रीची.
तिला अजून बोट लागलेलं नाही.
पण ती सरळ आहे,
ओळंबा धरून आखावी तशी सरळ.

कोणत्या हाताने काढली,
मी विचारलं नाही.